राष्ट्राची पत

गावच्या पेढीवर दोन माणसे कर्ज मागावयास येतात. एकाच्या काखेत दागिन्यांचे गाठोडे असते, दुसरा रिकाम्या हाताने आलेला असतो. सावकार पहिल्याचे गाठोडे सोडतो, दागिना कसोटीवर घासतो, काट्यात घालतो आणि मग रकमेचे बोलणे काढतो. दुसऱ्याला मात्र तो एवढेच विचारतो, 'किती हवेत?' ह्या दुसऱ्या माणसाजवळ जे काही आहे त्याला आपल्या भाषेत पत म्हणतात. ती तिजोरीत दिसत नाही आणि बाजारात मिळत नाही. ती आहे की नाही हे माणसाला स्वतःलाही बहुधा अडचणीच्या दिवशीच कळते.

राष्ट्रांनाही अशी पत असते काय, आणि असल्यास तिचा राष्ट्राच्या संरक्षणाशी काही संबंध पोहोचतो काय, असा आजच्या भाषणाचा प्रश्न आहे. जोसेफ नाय ह्या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९९० साली लिहिलेल्या एका ग्रंथात 'सॉफ्ट पॉवर' हा शब्दप्रयोग पुढे आणला आणि तेव्हापासून तो जगभरच्या परराष्ट्र खात्यांच्या टिपणांतून अखंड वावरत आहे. धाक न घालता आणि पैसा न चारता दुसऱ्याला आपल्यासारखा विचार करावयास लावण्याची शक्ती, असा त्याचा थोडक्यात अर्थ. देशाची संस्कृती, त्याची राजकीय मूल्ये आणि त्याचे परराष्ट्र धोरण असे तिचे तीन उगम नाय यांनी सांगितले. २०२५ साली त्यांचे निधन झाले, परंतु त्यांचा शब्द मागे राहिला. मराठीत कोणी त्याला मृदू शक्ती म्हणतात, कोणी सौम्य सत्ता म्हणतात. मला हे दोन्ही शब्द फारसे रुचत नाहीत. मृदू म्हटले की मनात उगाच दुबळेपणाची शंका डोकावते, आणि सौम्य हा शब्द औषधाच्या बाटलीवर अधिक शोभतो.

पण माझी खरी तक्रार शब्दाविषयी नाही. नाय यांच्या विवेचनात आकर्षणाला फार मोठे स्थान आहे. आपले चित्रपट लोकांना आवडतात, आपले संगीत आवडते, आपली विद्यापीठे आवडतात, म्हणून लोक आपल्याकडे ओढले जातात, असा त्याचा रोख. हे खोटे आहे असे मी म्हणत नाही. परंतु एखाद्या गवयाचे गाणे आपल्याला आवडते म्हणून आपण आपल्या घराची किल्ली त्याच्या हाती देत नाही. किल्ली आपण ज्याच्या हाती देतो तो शेजारी कित्येकदा आपल्या आवडीचाही नसतो. राष्ट्राच्या संरक्षणाला उपयोगी पडते ती ही किल्लीची गोष्ट, असे मला वाटते.

ह्याच बरोबर आणखी एका शब्दाचा उल्लेख केला पाहिजे. १९९४ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने प्रसिद्ध केलेल्या मानव विकास अहवालात 'मानवी सुरक्षा' ही कल्पना मांडली गेली. त्या अहवालामागे पाकिस्तानचे अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांची प्रेरणा होती. सीमा शाबूत आहे, पण सीमेच्या आत राहणाऱ्या माणसाला अन्नाची शाश्वती नाही, औषध नाही, रात्री दार ठोठावले गेले तर कोण आले असेल ह्या भीतीने त्याच्या छातीत धस्स होते, तर त्याला सुरक्षित म्हणावे काय, असा त्या अहवालाचा साधा सवाल होता. राष्ट्राची सुरक्षा आणि माणसाची सुरक्षा ह्या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या कपाटांत ठेवतो. एक कपाट संरक्षण खात्याच्या खोलीत असते, दुसरे आरोग्य किंवा पुरवठा खात्याच्या. पत हा ह्या दोन कपाटांना जोडणारा दुवा आहे, हे दाखविण्याचा माझा प्रयत्न राहील.

ही जाणीव आपल्याकडे नवीन नाही. शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. पावसाळ्यासाठी घोडदळ तेथे राहिले होते. दाणागोटा, गवत, भाजीपाला जे लागेल ते बाजारात जाऊन विकत घ्यावे, रयतेला काडीचा उपद्रव देऊ नये, नाही तर ती म्हणेल की ह्यांच्यापेक्षा मोगल बरे, अशा आशयाची ताकीद त्या पत्रात आहे. ह्या पत्राचे कौतुक आपण बहुधा राजाच्या दयाळूपणासाठी करतो. मला त्यात दयेइतकाच संरक्षणाचा हिशेब दिसतो. ज्या मुलुखातील शेतकऱ्याला मोगल बरे वाटू लागले, त्या मुलुखातील किल्ला किती दिवस टिकावयाचा?

आता मी आपल्याला ह्या देशापासून फार दूर, कोरियात नेणार आहे.

१९५० च्या जूनमध्ये कोरियात युद्ध पेटले. उत्तरेच्या बाजूला पुढे चीन उतरला. दक्षिणेच्या बाजूला संयुक्त राष्ट्रांच्या निशाणाखाली अमेरिका आणि इतर देश होते. भारताने लढणारे सैन्य पाठविले नाही. त्याऐवजी त्याने साठावे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठविले. लेफ्टनंट कर्नल रंगराज त्याचे प्रमुख होते. त्या वर्षीच्या डिसेंबरात चिनी सैन्याच्या रेट्यापुढे प्योंगयांगमधून माघारीचा हुकूम सुटला. पथकाजवळ शस्त्रक्रियेचे साहित्य होते आणि ते हलवावयाला पुरेशी वाहने नव्हती. साहित्य जाळून टाकून निघावे असा सोपा मार्ग होता. परंतु ह्या मंडळींनी एक जुने रेल्वे इंजिन शोधून काढले, माणसांची रांग लावून बादल्यांनी त्याच्या पोटात पाणी भरले, पथकातल्याच ज्या जवानांना इंजिन चालविण्याची थोडीबहुत माहिती होती त्यांना त्यावर चढविले आणि आपले रुग्णालय घेऊन ते दक्षिणेकडे निघाले. पुढे ह्याच पथकाच्या एका भागाने दैगू शहरात नागरिकांच्या रुग्णालयात काम केले. युद्ध म्हणजे केवळ सैनिकांच्या जखमा नव्हेत. निर्वासितांनी भरलेल्या शहरात आजारी पोरे, बाळंतिणी, उपासमारीने खंगलेले म्हातारे हेही युद्धाचेच जखमी असतात. हे पथक जवळजवळ साडेतीन वर्षे कोरियात होते.

मी हे आधी सांगितले ह्याला कारण आहे. युद्ध थांबविण्याची वाटाघाट चालू होती, पण ती एका प्रश्नावर येऊन वर्षाहून अधिक काळ अडली. तो प्रश्न युद्धकैद्यांचा होता. हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैदी म्हणत होते की आम्हाला आमच्या देशात परत जावयाचे नाही. चीन आणि उत्तर कोरिया म्हणत होते की त्यांना धाकाने असे बोलावयास लावले आहे. दोन्ही म्हणण्यांत काही अंश खरा होता, आणि म्हणूनच प्रश्न सुटत नव्हता. ह्या एका मुद्द्यासाठी आघाडीवर माणसे मरत राहिली. १९५२ च्या डिसेंबरात भारताने सुचविलेला तोडग्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत संमत झाला. कृष्ण मेनन यांनी त्यासाठी खटपट केली होती. रशियाने आणि चीनने तो धुडकावून लावला. सहा महिन्यांनी, १९५३ च्या जूनमध्ये, बऱ्याचशा त्याच धर्तीवर उभयपक्षी करार झाला आणि २७ जुलै रोजी पानमुनजोम येथे शस्त्रसंधीवर सह्या झाल्या.

करारान्वये पाच तटस्थ राष्ट्रांचा एक आयोग नेमला गेला. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत. पहिली दोन एका बाजूच्या विश्वासातली, पुढची दोन दुसऱ्या बाजूची, आणि मध्ये भारत. आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते, आणि कैद्यांना प्रत्यक्ष ताब्यात ठेवण्याचे कामही एकट्या भारताकडे होते. इतर कोणत्याही देशाचा बंदूकधारी शिपाई तेथे चालणार नव्हता. जनरल थिमय्या अध्यक्ष झाले आणि सुमारे सहा हजारांच्या भारतीय सैन्याचे आधिपत्य मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे आले. थोरात हे कोल्हापूरकडचे. १९४५ साली ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत थिमय्या आणि थोरात एकाच ब्रिगेडमध्ये आपापल्या पलटणींचे नेतृत्व करीत होते आणि दोघांनाही शौर्याबद्दल डी. एस. ओ. हा सन्मान मिळाला होता. ज्यांनी गोळी झाडणे म्हणजे काय ते जवळून पाहिले आहे, असे हे दोघे होते. गोळी न झाडण्याच्या कामावर त्यांची नेमणूक झाली, हे ध्यानात ठेवावे.

आता आकर्षणाची गोष्ट पाहा. भारत तेथे कोणाचा लाडका होता काय? मुळीच नाही. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना भारत कम्युनिस्टांचा हस्तक वाटत होता. भारतीय शिपायाचे पाऊल आमच्या भूमीला लागू देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे आपले जवान इंचॉनच्या बंदरापर्यंत जहाजाने गेले आणि तेथून अमेरिकन हेलिकॉप्टरांतून त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरविण्यात आले. हजारो माणसे आणि त्यांचे साहित्य अशा तऱ्हेने, जमिनीला पाय न लावता! चीनला भारत अमेरिकेच्या कलाने चालणारा वाटत होता, आणि अमेरिकेतल्या पुष्कळांना तो चीनच्या कलाने चालणारा वाटत होता. तरीही ह्या सर्वांनी सुमारे २२ हजार ६०० कैद्यांच्या छावण्यांची किल्ली भारताच्या हाती दिली. त्यांना भारत आवडत होता म्हणून नव्हे. हा देश आपल्याला न आवडणारे काम करील, पण ते दुसऱ्या पक्षालाही न आवडणारे असेल, एवढा भरवसा त्यांना होता म्हणून. माझ्या मते ह्यालाच पत म्हणतात.

त्या छावण्यांत काय होते, हेही सांगितले पाहिजे. नाही तर चित्र गोड होईल. काटेरी तारांनी वेढलेल्या एकेका आवारात शेकडो कैदी होते आणि त्यांचे त्यांचे पुढारी होते. परत जावे असे एखाद्याच्या मनात आले आणि ते त्याच्या ओठांवर आले, तर त्याच्या जिवाची खात्री नव्हती. आवाराच्या आत खून पडत. बाहेर आपले जवान रोज शिव्या आणि दगड खात उभे असत. ऑक्टोबरच्या आरंभी दोन दिवस जमावाला आवरण्यासाठी गोळीबार करावा लागला आणि त्यात काही कैदी मेले. हा प्रसंग झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु त्याच्या आधी, २५ सप्टेंबरला, एक प्रसंग घडला तो निराळा आहे. मेजर ग्रेवाल नावाच्या आपल्या अधिकाऱ्याला कैद्यांनी आवाराच्या आत ओढून नेऊन डांबून ठेवले. तारांबाहेर सशस्त्र भारतीय सैन्य होते. एक हुकूम दिला असता तर आवार मोकळे झाले असते. किती प्रेतांनी मोकळे झाले असते, हा प्रश्न वेगळा. थोरात स्वतः मोजक्या अधिकाऱ्यांना घेऊन, शस्त्र बरोबर न ठेवता, आत गेले. खवळलेल्या शेकडो माणसांच्या मध्ये त्यांनी बोलणे केले आणि ग्रेवाल यांना घेऊन ते बाहेर आले. गोळी सुटली नाही. कोरियातील धैर्याबद्दल त्यांना अशोकचक्र वर्ग दुसरा मिळाले. त्यालाच आज कीर्तिचक्र म्हणतात.

आवाराच्या फाटकातून आत जाणाऱ्या त्या माणसाविषयी मी पुष्कळदा विचार केला आहे. नि:शस्त्र माणूस आत गेला म्हणजे त्याने शक्तीचा त्याग केला, असे आपण समजतो. वास्तविक त्याच्या पाठीशी सहा हजारांचे शिस्तीचे सैन्य उभे होते आणि आतल्या कैद्यांना ते दिसत होते. ते सैन्य वापरण्याची घाई ह्या माणसाला नाही, हेही त्यांना दिसत होते. एवढ्या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून बोलणे होऊ शकले. ह्यांपैकी एक जरी गोष्ट नसती तरी ग्रेवाल परत आले नसते असे मला वाटते.

कैद्यांना समजावून सांगण्यासाठी तंबू उभारले होते. प्रत्येक कैद्याला आयोगासमोर आणावयाचे, त्याच्या देशाच्या प्रतिनिधीने त्याला परत येण्याविषयी बोलावयाचे, आणि मग त्याने दोन दारांपैकी एका दाराने बाहेर जावयाचे. एक दार स्वदेशाकडचे, दुसरे न परतण्याचे. एकट्या माणसाला निर्भयपणे दार निवडता यावे, ह्यासाठी एक संपूर्ण सेना तेथे खपत होती. पुढे चाळीस वर्षांनी जिला मानवी सुरक्षा असे भारदस्त नाव मिळाले, तिचे इतके छोटे आणि इतके स्पष्ट रूप मला दुसरीकडे आढळलेले नाही. अर्थात योजना पुरी पार पडली नाही. कैद्यांचे पुढारी त्यांना तंबूत येऊ देईनात, आणि बळाने ओढून आणावयास थिमय्यांनी नकार दिला. बहुसंख्य कैदी त्या तंबूपर्यंत पोहोचलेच नाहीत. मुदत संपली. १९५४ च्या जानेवारीत कैदी पुन्हा ज्या त्या पक्षाच्या हवाली करण्यात आले. दोन्ही पक्षांनी भारतावर टीका केली. दक्षिण कोरियाशी आपले राजनैतिक संबंध जुळावयाला १९७३ साल उजाडावे लागले. ज्याला आपण आज फलनिष्पत्ती म्हणतो तिचा रकाना १९५४ साली भरावयाचा असता, तर तो जवळजवळ रिकामा राहिला असता. फक्त एवढे झाले होते की युद्ध पुन्हा पेटले नव्हते.

१९५४ नंतरची गोष्ट आता सांगतो. माझ्या दृष्टीने ह्या विषयाचे मर्म तेथे आहे, आणि ते सुखाचे नाही.

हेच थोरात पुढे पूर्व विभागाचे सेनापती झाले. उत्तर सीमेवरील चिनी हालचाली त्यांना दिसत होत्या. १९५९ साली ईशान्य सीमेच्या संरक्षणाविषयी त्यांनी अहवाल दिला आणि १९६० च्या मार्चमध्ये लखनौ येथे 'लाल किल्ला' ह्या नावाचा एक युद्धसराव घेतला. चिनी सैन्य उतरले तर आहे त्या बळावर आपल्याला ते रोखता येणार नाही, ते किती दिवसांत कोठपर्यंत येईल, आणि ते थोपवावयाचे असेल तर कोठे काय हवे, हे त्यांनी मांडले. थोरात १९६१ साली निवृत्त झाले. १९६२ च्या २० ऑक्टोबरला जे सुरू झाले आणि २१ नोव्हेंबरला ज्याचा शेवट झाला, ते सर्वांना ठाऊक आहे. जे सांगितले होते ते बरेचसे तसेच घडले.

तुरुंगासारख्या त्या आवारात नि:शस्त्र जाणारा माणूस आणि तोफा कोठे हव्यात ते नकाशावर दाखविणारा माणूस एकच होता. त्याला ह्या दोन कामांत विरोध दिसला नाही. आपण मात्र त्याचे पहिले काम गौरवाने स्वीकारले आणि दुसरे कपाटात ठेवले. जगात आपली पत मोठी आहे, आपल्यावर कोणी हात टाकणार नाही, असा एक समज त्या काळी दिल्लीच्या हवेत होता. आज जुनी कागदपत्रे वाचताना माझ्यासारख्या सरकारी नोकराला त्याचे नवल वाटत नाही. अप्रिय टिपण वरिष्ठांच्या टेबलावर पोहोचण्यापूर्वी त्याला किती जिने चढावे लागतात ते मी पाहिले आहे. पण पत म्हणजे तटबंदी नव्हे, हे समजावयाला त्या महिन्याभरात फार किंमत मोजावी लागली. ज्या तटस्थ देशांची मैत्री आपण दशकभर जोपासली होती, त्यांतील सहा देश डिसेंबरात कोलंबो येथे जमले. त्यांनी तडजोडीचे प्रस्ताव तयार केले, पण आक्रमण कोणी केले ते उघडपणे म्हणावयाचे टाळले. पत असलेल्या माणसाला सावकार कर्ज देतो हे खरे, परंतु त्याच्या घरावर दरोडा पडला तर सावकार काठी घेऊन धावून येईलच, असे नाही.

मग पतीचा उपयोग तरी काय, असे कोणी विचारील. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चार सहकाऱ्यांसह चीनमध्ये गेले, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या सैनिकांवर त्यांनी उपचार केले आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच मरण पावले. त्यांची समाधी शिच्याच्वांगमध्ये आजही सांभाळली जाते, आणि चीनचे नेते भारतात आले की कोटणिसांच्या कुटुंबीयांची भेट घेण्याचा प्रघात अनेकांनी पाळला. कोटणिसांच्या स्मृतीने १९६२ चे युद्ध थांबले नाही. २०२० च्या जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान कामी आले, तेही ह्या स्मृतीने टळले नाही. तरी दोन देशांना पुन्हा बोलणे सुरू करावयाचे असते तेव्हा कोणत्या तरी नावापासून आरंभ करावा लागतो, आणि ज्या नावाविषयी दोन्हीकडे वाद नाही असे एक नाव तेथे असते. पतीचे काम बहुधा असेच असते. ती वार अडवीत नाही. वार होऊन गेल्यावर दार पुरते बंद होऊ देत नाही.

आपल्या काळातील एक अनुभव सांगतो. परदेशी अधिकाऱ्यांना आपल्याकडे प्रशिक्षण देण्याची योजना १९६४ सालापासून चालू आहे. आशिया-आफ्रिकेतील कितीतरी देशांचे अधिकारी ह्या योजनेखाली येथे येऊन गेले. काही वर्षांपूर्वी अशा एका वर्गापुढे मला निवडणुकांच्या व्यवस्थेविषयी बोलावयाचे होते. मी आकड्यांची भरपूर तयारी केली होती. मतदार किती, केंद्रे किती, यंत्रे किती. वर्ग सभ्यपणे ऐकत होता; म्हणजे ऐकत नव्हता. बोलण्याच्या ओघात मी सांगितले की गुजरातमध्ये गीरच्या जंगलात बाणेज येथे केवळ एका मतदारासाठी मतदान केंद्र उभारण्यात येत असे, आणि कर्मचारी सिंहांच्या मुलुखातून तेथे पोहोचत. मागच्या बाकावरील एक पूर्व आफ्रिकी अधिकारी एकदम सरळ बसले. त्यांनी विचारले, 'तो एकटा मनुष्य सरकारच्या विरुद्ध मत देणारा असला तरी जाता?' मी म्हणालो, 'तो कोणाला मत देतो हे आम्हाला विचारता येत नाही.' त्यांनी वहीत बराच वेळ काही लिहिले. जेवणाच्या वेळी ते माझ्याजवळ आले आणि त्यांच्या देशातील एका निवडणुकीत स्वतःच्या खात्याने काय काय केले होते ते त्यांनी हळू आवाजात मला सांगितले. ते येथे सांगण्याचा मला अधिकार नाही. त्यांना आपल्या यंत्रांचे आकर्षण वाटले नव्हते. त्यांनी एक कसोटी लावून पाहिली होती, आणि त्या क्षणी तरी आपण तिला उतरलो होतो. त्या क्षणी तरी, असे मी मुद्दाम म्हणतो. उद्या आपल्याच एखाद्या केंद्रावर काही अनुचित घडले, तर तेही त्यांच्या वहीत जाईल. देशात जे घडते त्यावर परदेशात पडदा टाकणारा प्रसिद्धी विभाग अजून कोणत्याही सरकारला सापडलेला नाही.

पत मिळविणे कष्टाचे आहे आणि ती राखणे त्याहून अवघड, हे २०२१ साली आपण अगदी जवळून पाहिले. त्या वर्षीच्या २० जानेवारीपासून भारताने शेजारी देशांना करोनाची लस पाठविण्यास प्रारंभ केला. भूतान आणि मालदीव यांना ती सर्वांत आधी मिळाली. पुण्यात तयार झालेली लस विमानाने पारो येथे उतरली, आणि श्रीमंत देश आपापल्या कोठारांना कुलपे लावीत असताना एका लहानशा डोंगरी देशातील शेतकऱ्याला ती टोचली गेली. ह्याहून मोठे संरक्षण त्या क्षणी कोणते होते? परंतु मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे दुसरी लाट आली, प्राणवायूसाठी माणसे रस्त्यावर तडफडू लागली आणि निर्यात थांबली. आपल्या घरात आग लागली असता शेजाऱ्याला पाणी द्यावे काय, हा कठीण प्रश्न आहे, आणि निर्यात थांबविणाऱ्यांना मी दोष देणार नाही. दोष असलाच तर आधीच्या महिन्यांत आपण घरातल्या ठिणग्या पुरेशा मोजल्या नव्हत्या, ह्याचा आहे. भूतानला दुसऱ्या मात्रेसाठी इतर देशांकडे वळावे लागले. ह्याच भूतानने एप्रिलच्या अखेरीस सीमेलगतच्या आपल्या कारखान्यातून आसामला प्राणवायू देऊ केला. दुसऱ्या मात्रेची वाट पाहणाऱ्या देशाने असे करावे, हे एरवीच्या हिशेबात बसत नाही. पण ती खातेवही फार जुनी होती. त्या डोंगरांतले रस्ते बांधताना १९६१ पासून आपली माणसे दरडींखाली गेली आहेत, आणि भूतानच्या लोकांना ते माहीत आहे.

दिल्लीच्या छावणी भागात २०२१ च्या मार्चमध्ये भारत-कोरिया मैत्रीचे एक उद्यान झाले. दोन्ही देशांचे संरक्षणमंत्री त्या समारंभाला होते. तेथे जनरल थिमय्यांचा पुतळा आहे. ज्या देशाने आपल्या शिपायांना जमिनीवर पाय ठेवू दिला नव्हता, त्या देशाच्या मंत्र्याने त्या शिपायांच्या अध्यक्षाला वंदन करावयाला अडुसष्ट वर्षे लागली. थिमय्यांना ते पाहावयास मिळाले नाही. १९६५ च्या डिसेंबरात सायप्रसमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख म्हणून काम करीत असतानाच, ते वारले.

कोरियाच्या हकिगतीतील एक गोष्ट मी मघाशी मुद्दाम ठेवून दिली होती. त्या तंबूंना दोन दारे होती असे मी सांगितले. प्रत्यक्षात काही थोडे कैदी असे निघाले की त्यांना दोन्ही दारे नको होती. त्यांना उत्तरेकडेही जावयाचे नव्हते आणि दक्षिणेकडेही नाही. चीनमध्येही नाही आणि तैवानमध्येही नाही. आपापल्या आवारातील पुढाऱ्यांच्या तावडीतून कसेबसे सुटून ते भारतीय पहारेकऱ्यांच्या आश्रयाला आले आणि आम्हाला एखाद्या तटस्थ देशात पाठवा, असे म्हणाले. त्यांना घेऊन जाणारा तटस्थ देश तत्काळ कोठून मिळणार? तेव्हा १९५४ च्या फेब्रुवारीत, आपले सैन्य घरी परतले त्या सुमारास, ह्या माणसांनाही भारतात आणले गेले. ते ८८ जण होते. त्यांतील बहुतेक दक्षिण अमेरिकेत जाऊन वसले, काही येथेच राहिले. परंतु त्या फेब्रुवारीत, कोणाच्या भाषेचा एक शब्दही न कळणारे ते ८८ जण, कालपर्यंत आपल्यावर बंदूक रोखून उभ्या असलेल्या देशाच्या किनाऱ्यावर, मद्रासच्या धक्क्यावर उतरले.